विश्लेषण : महारोगावरचे औषध हाती होते, प्रबंध मात्र राहून गेला... काय आहे डॉ. भाऊ दाजी लाड आणि कडू कवठीच्या बियांची गोष्ट?

मुंबईत भायखळ्याच्या राणीच्या बागेला लागून असलेल्या संग्रहालयावर डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव आहे. प्राचीन शिलालेखांचे वाचक, समाजसुधारक आणि मुंबईचे दोनदा नगरपाल झालेले गृहस्थ म्हणून त्यांची ओळख सांगितली जाते. मात्र ते मुळात डॉक्टर होते. कोकण-गोव्यात उगवणाऱ्या एका झाडाच्या बियांपासून त्यांनी कुष्ठरोगावर उपचार सुरू केले होते. पुढे याच बियांतील तेल जगभर कुष्ठरोगावरचे मुख्य औषध ठरले. पण त्या इतिहासात भाऊ दाजींचे नाव क्वचितच येते. असे का झाले? आणि गुळवेलीपासून हळदीपर्यंत प्रत्येक वनस्पतीत ‘इम्युनिटी’ शोधली जात असताना ही दीडशे वर्षांपूर्वीची गोष्ट महत्त्वाची का आहे?

भाऊ दाजी कोण होते?

मूळ नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. वडिलांना दाजी म्हणत आणि त्यांना भाऊ, म्हणून ते भाऊ दाजी झाले. जन्म १८२०च्या दशकात गोव्यात, बेताच्या परिस्थितीतील कुटुंबात झाला. कुटुंब पुढे मुंबईत आले. लहानपणी ते बुद्धिबळात तरबेज होते. त्यांची चाल पाहून एका इंग्रज गृहस्थाने मुलाला इंग्रजी शिकवा, असे वडिलांना सुचवल्याचे सांगितले जाते. पुढे एल्फिन्स्टन संस्थेत त्यांचे शिक्षण झाले आणि तिथेच ते शिक्षक म्हणून लागले. काठेवाड आणि कच्छमधील मुलींच्या बालहत्येच्या प्रथेवर त्यांनी लिहिलेल्या निबंधाला सरकारी बक्षीस मिळाले.

१८४५ मध्ये मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. शिक्षकाची नोकरी असूनही भाऊ दाजी पुन्हा विद्यार्थी झाले. १८५१ मध्ये कॉलेजातून जी पहिली तुकडी पदवी घेऊन बाहेर पडली, त्यात ते होते. पाश्चात्त्य वैद्यकाचे संपूर्ण शिक्षण घेतलेल्या पश्चिम भारतातील पहिल्या काही डॉक्टरांपैकी ते एक ठरले. त्यांचे धाकटे बंधू नारायण दाजी हेही डॉक्टर झाले. दोघांनी मुंबईत व्यवसाय सुरू केला आणि गरिबांसाठी मोफत दवाखानाही चालवला.

त्यानंतरच्या २० वर्षांत मुंबईत जे काही नवे घडले, त्यातील बहुतेक ठिकाणी भाऊ दाजी दिसतात. १८५२ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशनचे ते चिटणीस होते. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा ते फेलो झाले. मुलींच्या शाळांना त्यांनी पाठबळ दिले. १८६२ मध्ये गाजलेल्या महाराज बदनामी खटल्यात, वैष्णव पंथाच्या एका बलाढ्य महाराजांच्या आजाराविषयी डॉक्टर म्हणून त्यांनी न्यायालयात साक्ष दिली. साक्ष महाराजांच्या विरोधात जाणारी होती. शहरातील धनाढ्य व्यापारी ज्या पंथाचे अनुयायी होते, त्याच्या प्रमुखाविरुद्ध बोलणे हे त्या काळी व्यवसायावर पाणी सोडण्यासारखे होते. १८६९ आणि १८७१ मध्ये ते मुंबईचे नगरपाल, म्हणजे शेरीफ झाले.

कुष्ठरोगाकडे ते का वळले?

ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवले जाणारे वैद्यक इंग्लंडमधून आलेले होते. औषधेही बरीचशी जहाजाने येत. भाऊ दाजींना संस्कृत येत होते. जुन्या संस्कृत वैद्यकग्रंथांत ज्या औषधींचे गुण गायले आहेत, त्या खरोखर चालतात का, हे रुग्णांवर पडताळून पाहावे, असे त्यांनी ठरवले. ग्रंथात आहे म्हणून खरे मानायचे नाही आणि ग्रंथ जुना आहे म्हणून टाकूनही द्यायचे नाही, अशी त्यांची भूमिका होती. आज याला पारंपरिक ज्ञानाची चिकित्सालयीन तपासणी म्हणतात. त्या काळी या कामाला नावही नव्हते.

त्यांनी निवडलेला सर्वात अवघड आजार म्हणजे कुष्ठरोग, तेव्हाच्या भाषेत महारोग. पाश्चात्त्य वैद्यकाकडे त्यावर काहीच इलाज नव्हता. कारणही माहीत नव्हते. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने १८६७ मध्ये साम्राज्यभरातून माहिती मागवून जो अहवाल दिला, त्यात हा आजार संसर्गजन्य नाही, असा निष्कर्ष काढला होता. अनेक डॉक्टर तो आनुवंशिक मानत. रुग्णाला घराबाहेर काढले जाई आणि धर्मशाळा किंवा रस्ता एवढाच आसरा उरे. आजार झालेल्या माणसाचे दुःख शरीरापुरते नव्हते. त्याचे घर, विवाह, वतन, गावातील उठबस सारेच तुटत असे.

कडू कवठ म्हणजे नेमके काय?

भाऊ दाजींच्या औषधाचा आधार होता एका झाडाच्या बियांचे तेल. हे झाड मराठीत कडू कवठ म्हणून ओळखले जाते. खष्ट हेही त्याचेच नाव. नावात कवठ असले तरी चटणी करतो त्या कवठाशी त्याचे नाते नाही. शास्त्रीय नाव हिडनोकार्पस. कोकण, गोवा, कारवार, केरळ असा पश्चिम घाटाचा ओलसर पट्टा हे त्याचे घर. ओढ्याकाठी वाढणाऱ्या या सदाहरित झाडाला लिंबापेक्षा मोठी, कठीण सालीची गोल फळे येतात. आत गरात रुतलेल्या बिया असतात. त्या दाबल्या की पिवळसर तेल निघते. गावोगावी खरूज, इसब, गुरांच्या जखमा यांवर ते लावले जाई.

सुश्रुतसंहितेत कुष्ठावर ‘तुवरक’ नावाच्या झाडाच्या बियांचे तेल सांगितले आहे. ते झाड पश्चिम समुद्राजवळच्या भूमीत वाढते, असाही उल्लेख आहे. फळे पावसाळ्यात गोळा करणे, बियांचे तेल काढणे, ते पंधरवडाभर शेणात पुरून ठेवणे अशी सविस्तर कृतीही तिथे आहे. तुवरक म्हणजेच कडू कवठ, असे आज मानले जाते.

बंगालकडे याच कुळातील दुसऱ्या झाडाच्या बिया ‘चालमोगरा’ नावाने विकल्या जात. कोलकात्यात डॉ. फ्रेडरिक मोआट यांनी १८५४ मध्ये चालमोगऱ्याच्या तेलाने कुष्ठरुग्णांना गुण आल्याचे लेखी नोंदवले आणि युरोपीय डॉक्टरांचे तिकडे लक्ष गेले. पश्चिम किनाऱ्यावर तेच काम कडू कवठीच्या बिया घेऊन भाऊ दाजी करत होते. दोघांत फरक एकच. मोआट यांनी आपले निरीक्षण छापले.

औषध गुप्त का राहिले?

भाऊ दाजींच्या उपचारांची मुंबईत मोठी चर्चा झाली. परंतु औषधाची कृती, मात्रा आणि रुग्णांवरील परिणाम एकत्र मांडणारा प्रबंध त्यांनी हयातीत प्रसिद्ध केला नाही. पूर्ण खात्री झाल्याशिवाय कृती जाहीर करायची नाही, अशी त्यांची भूमिका होती, असे मानले जाते.

या सावधगिरीला वैद्यकीय कारण होते. कुष्ठरोगाचा जंतू अत्यंत सावकाश वाढतो. एका जंतूचे दोन व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. कॉलराचा जंतू हेच काम तासाभराच्या आत करतो. त्यामुळे कुष्ठरोगाची लक्षणे दिसायला अनेक वर्षे लागतात आणि औषधाचा गुण दिसायलाही महिने-वर्षे जातात. शिवाय काही रुग्णांचे चट्टे औषध न घेताही आपोआप मावळतात. आज बरा झालेला दिसणारा रुग्ण चार वर्षांनी पुन्हा बिघडू शकतो. मग गुण औषधाचा की निसर्गाचा, हे ठरवायचे कसे? त्यासाठी बरेच रुग्ण, अनेक वर्षांच्या नोंदी आणि औषध न दिलेल्या रुग्णांशी तुलना लागते. एका दवाखान्यात बसून एका डॉक्टरने हे सारे उभे करणे जवळपास अशक्य होते.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. गुप्त औषध हे त्या काळीही वैदूगिरीचे लक्षण समजले जाई. कृती उघड नसेल तर दुसरा डॉक्टर ती करून पाहू शकत नाही, चूक दाखवू शकत नाही, सुधारणाही करू शकत नाही. याच सुमारास ग्रँट मेडिकल कॉलेजात डॉ. हेन्री व्हॅनडाइक कार्टर शिकवत होते. प्रसिद्ध ‘ग्रेज अॅनाटॉमी’ या ग्रंथातील चित्रे त्यांचीच. मुंबईत त्यांनी कुष्ठरोगाचा बारकाईने अभ्यास केला आणि १८७३ मध्ये तो नॉर्वेत जाऊन पाहिला. त्याच वर्षी नॉर्वेत गेरहार्ड हॅन्सन यांना कुष्ठरोगाचा जंतू सूक्ष्मदर्शकाखाली दिसला होता. कार्टर यांनी आपली निरीक्षणे १८७४ मध्ये ग्रंथरूपात आणली. म्हणजे एकाच शहरात, एकाच आजारावर दोन डॉक्टर काम करत होते. एकाकडे आजाराचे वर्णन होते, दुसऱ्याकडे उपचार होता. छापून आले ते वर्णन.

नाशिकच्या लेण्यांशी संबंध काय?

भाऊ दाजी स्वभावानेच लपवाछपवी करणारे असते, तर हा विषय इथेच संपला असता. परंतु त्यांच्या दुसऱ्या आवडीच्या क्षेत्रात त्यांचे वागणे नेमके उलट होते.

प्राचीन शिलालेख, नाणी आणि हस्तलिखिते यांवर त्यांनी रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेत एकामागून एक निबंध वाचले. अजिंठ्याचे लेख, जुनागढचे लेख, कालिदासाचा काळ असे त्यांचे विषय होते. लेण्यांतील शिलालेखांतले आणि नाण्यांवरचे प्राचीन अंक कसे वाचायचे, यावरही त्यांनी लिहिले. आर्यभट, वराहमिहिर, ब्रह्मगुप्त, भास्कराचार्य यांच्या ग्रंथांच्या काळाविषयीचा त्यांचा लेख १८६५ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात आला. शिलालेखाचा हुबेहूब ठसा, त्याचे लिप्यंतर आणि भाषांतर असे तिन्ही भाग ते वाचकांपुढे ठेवत. त्यामुळे कुणालाही मूळ अक्षराशी ताडून त्यांची चूक काढता येत असे. पुढच्या अभ्यासकांनी तशा दुरुस्त्या केल्याही.

या कामासाठी त्यांनी जुनागढच्या भगवानलाल इंद्रजी या तरुणाला हाताशी घेतले. भगवानलाल वर्षानुवर्षे देशभर फिरून त्यांच्यासाठी लेखांचे ठसे घेत राहिले. भाऊ दाजींच्या मागे भगवानलाल स्वतः मोठे पुराविद म्हणून नावाजले. नाशिककरांना त्यांचे काम ओळखीचे वाटेल. १८८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नाशिक जिल्हा गॅझेटियरमधील पांडवलेण्यांचे सविस्तर वर्णन आणि तेथील शिलालेखांचे वाचन त्यांनीच केलेले आहे. गौतमीपुत्र सातकर्णीची महती सांगणारा गौतमी बलश्रीचा लेख असो की नहपानाचा जावई उषवदात याच्या दानांचे लेख, ते वाचण्याच्या परंपरेत भाऊ दाजींच्या तालमीचा वाटा आहे.

शिलालेखांत गुरूने हातचे राखले नाही, म्हणून शिष्य पुढे जाऊ शकला. औषधाच्या बाबतीत असा शिष्य तयार होण्याची सोयच राहिली नाही.

अखेरची वर्षे कशी गेली?

१८६५ मध्ये अमेरिकेतील यादवी युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि मुंबईतील शेअरचा फुगा फुटला. त्यात भाऊ दाजींचेही मोठे नुकसान झाले. तरीही दवाखाना, हस्तलिखितांचा संग्रह आणि सार्वजनिक कामे सुरू राहिली. ज्या संग्रहालयाच्या उभारणीसाठी त्यांनी वर्षानुवर्षे खटपट केली, ते १८७२ मध्ये भायखळ्याच्या इमारतीत लोकांसाठी खुले झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, ३१ मे १८७४ रोजी, त्यांचे निधन झाले. तेव्हा ते पन्नाशीच्या आसपास होते.

त्यांचा हस्तलिखितांचा संग्रह एशियाटिक सोसायटीकडे गेला आणि तो आजही तिथे त्यांच्या नावाने आहे. शिलालेखांवरील निबंध नियतकालिकांत होतेच, ते पुढे पुस्तकरूपाने एकत्र करण्यात आले. १९७१ मध्ये अ. का. प्रियोळकर यांनी त्यांचे सविस्तर मराठी चरित्र लिहिले. १९७५ मध्ये संग्रहालयाला त्यांचे नाव देण्यात आले. या सगळ्या वारशात कुष्ठरोगावरच्या प्रबंधाची जागा मात्र रिकामी आहे.

बियांमधील द्रव्य कोणी वेगळे केले?

वनस्पतीचा गुण आणि त्या वनस्पतीतील द्रव्याचा गुण यांत मोठे अंतर असते. तेल पोटात घेतले की मळमळ आणि उलट्या होत, त्यामुळे बरेच रुग्ण उपचार अर्धवट सोडत. प्रत्येक हंगामातले, प्रत्येक घाण्यावरचे तेल वेगळे. नेमके कोणते द्रव्य काम करते हे कळल्याशिवाय मात्रा ठरवता येत नव्हती.

त्याआधी झाडाची ओळख पटवायची होती. बंगालच्या बाजारातील चालमोगऱ्याच्या बिया ज्या झाडाच्या समजल्या जात होत्या, त्या प्रत्यक्षात दुसऱ्याच झाडाच्या आहेत, हे १९०१ मध्ये डेव्हिड प्रेन यांनी दाखवून दिले. जवळपास शंभर वर्षे डॉक्टर एका झाडाचे नाव लिहीत होते आणि रुग्णाला दुसऱ्या झाडाचे तेल देत होते.

पुढचे काम लंडनच्या वेलकम रासायनिक संशोधन प्रयोगशाळेत झाले. फ्रेडरिक पॉवर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेलाचे अल्कलीच्या साहाय्याने विघटन करून त्यातील मेदाम्ले सुटी केली. ती अल्कोहोलमध्ये विरघळवायची, थंड करून स्फटिक मिळवायचे, पुन्हा विरघळवायचे. हे अनेकदा केले की मिश्रणातून एकेक पदार्थ शुद्ध होत जातो. १९०४ मध्ये चालमोगऱ्याच्या तेलातून चालमोग्रिक आम्ल मिळाले. १९०५ मध्ये पॉवर आणि बॅरोक्लिफ यांनी हिडनोकार्पसच्या दोन जातींच्या बिया तपासल्या. त्यातली एक पश्चिम घाटातली, म्हणजे आपली कडू कवठ. त्यातून हिडनोकार्पिक आम्ल मिळाले. शेंगदाणा किंवा तिळाच्या तेलातील मेदाम्लांची साखळी सरळ असते. या दोन आम्लांच्या साखळीच्या टोकाला पाच कार्बनचे कडे असते. निसर्गात ही रचना विरळ आहे.

शुद्ध द्रव्य मिळाले तरी रुग्णाला ते द्यायचे कसे, हा प्रश्न उरला. तेल घट्ट असल्याने टोचले की गाठी येत आणि प्रचंड दुखे. १९१५ मध्ये हवाई बेटांवर अॅलिस बॉल या २३ वर्षांच्या कृष्णवर्णीय रसायनतज्ज्ञ तरुणीने या मेदाम्लांचे इथाइल एस्टर तयार केले. ते पातळ असल्याने शरीरात सहज शोषले जात. पण ही पद्धत प्रसिद्ध करण्याआधीच, १९१६ च्या अखेरच्या दिवशी तिचा मृत्यू झाला. तिच्या कॉलेजच्या अध्यक्षांनी, आर्थर डीन यांनी काम पुढे नेले आणि तिचा उल्लेख न करता प्रसिद्ध केले. १९२२ मध्ये डॉ. हॅरी हॉलमन या सहकाऱ्याने लेख लिहून ही पद्धत तिची असल्याचे नोंदवले. त्या एका लेखामुळे तिला तिचे श्रेय परत मिळण्याची वाट उघडी राहिली.

भारतात १९२० ते १९४० च्या दशकांत कुष्ठरोगाचे मुख्य औषध म्हणजे हिडनोकार्पसची इंजेक्शने होती. पश्चिम घाटातल्या ज्या बियांवर भाऊ दाजींनी भिस्त ठेवली होती, त्यांचे तेल अधिकृतपणे कुष्ठ दवाखान्यांत पोहोचले, पण त्यांच्या निधनानंतर सुमारे अर्ध्या शतकाने.

हे औषध जंतूला मारत होते की प्रतिकारशक्ती वाढवत होते?

वनौषधींबाबत आज सर्वाधिक विचारला जाणारा हा प्रश्न आहे आणि कुष्ठरोगात त्याला विशेष अर्थ आहे. कुष्ठरोगाचा जंतू शरीरात शिरला तरी बहुसंख्य लोकांना आजार होतच नाही. ज्यांना होतो, त्यांच्यातही तो एकसारखा नसतो. १९६६ मध्ये रिडले आणि जॉप्लिंग यांनी त्याची वर्गवारी मांडली. पेशींची प्रतिकारशक्ती जोरात असेल तर एक-दोन चट्टे येतात आणि जंतू मोजकेच सापडतात. ती ढिली पडली असेल तर अंगभर गाठी येतात आणि त्वचेत जंतूंचा सुळसुळाट असतो. आपोआप बरे होणारे रुग्ण बहुतांशी पहिल्या गटातले. भाऊ दाजींना खात्री व्हायला वेळ का लागत असावा, याचे उत्तर या वर्गवारीत दिसते. एकच औषध दिलेले दोन रुग्ण मुळात दोन वेगळ्या टोकांचे असू शकत होते.

कडू कवठीच्या आम्लांपुरते उत्तर १९७० च्या दशकात मिळाले. कुष्ठरोगाचा जंतू प्रयोगशाळेतील काचपात्रात वाढत नाही, म्हणून तो उंदराच्या पंजात वाढवण्याची पद्धत वापरली जाते. १९७५ मध्ये लुईस लेव्ही यांनी याच पद्धतीने दाखवले की ही आम्ले जंतूंची वाढ रोखतात. म्हणजे भाऊ दाजींच्या बियांत जंतूविरुद्ध काम करणारे द्रव्य खरोखरच होते. पण तोपर्यंत त्याची गरज संपत आली होती. १९४१ पासून सल्फोन गटातील औषधे वापरात आली. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने डॅप्सोन, रिफॅम्पिसिन आणि क्लोफाझिमिन यांची बहुविध औषधोपचार पद्धत सुचवली. २००५ मध्ये देशपातळीवर रुग्णांचे प्रमाण दर दहा हजारांत एकाहून कमी झाले.

मग प्रतिकारशक्तीवर काम करणाऱ्या वनस्पतीचे काय?

त्याचे उदाहरणही मुंबईतच आहे आणि ते छापलेल्या नोंदींचे महत्त्व सांगणारे आहे. १९८० आणि ९०च्या दशकांत परळच्या केईएम रुग्णालयात औषधशास्त्र विभागाच्या डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुळवेलीवर काम केले. ‘वृक्षगान’, ‘फुलवा’ अशा पुस्तकांमुळे त्या मराठी वाचकांना लेखिका म्हणूनही माहीत आहेत. उंदरांना गुळवेलीचा अर्क आधी दिला तर पोटातील जंतुसंसर्गाने मरणाऱ्यांचे प्रमाण घटते, असे त्यांना आढळले. पित्तनलिका बंद झाल्याने होणाऱ्या काविळीत रुग्णाची प्रतिकारशक्ती खालावते आणि शस्त्रक्रियेनंतर जंतुदोषाने मृत्यू ओढवतो. अशा ३० रुग्णांवरचा अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटात ५० टक्के रुग्णांत रक्तात जंतुदोष पसरल्याची लक्षणे दिसली, गुळवेलही दिलेल्या गटात एकाही रुग्णात नाही. शस्त्रक्रियेनंतर जगण्याचे प्रमाण पहिल्या गटात ४० टक्के, तर दुसऱ्या गटात ९२.४ टक्के होते. रुग्णसंख्या लहान असल्याने हा अखेरचा निर्णय ठरत नाही. पण मात्रा, गट, आकडे सगळे उघड असल्याने पुढच्यांना धागा मिळाला.

तो धागा घेऊन इतरांनी द्रव्ये वेगळी केली. १९९७ मध्ये जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेतून सिरिंजिन, कॉर्डिओल अशा प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या द्रव्यांची नोंद झाली. १९९९ मध्ये भाभा अणु संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी गुळवेलीच्या खोडातून अरॅबिनोगॅलॅक्टन ही बहुशर्करा शुद्ध केली. प्रतिपिंडे बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींना ती चालना देते, असे दिसले.

उघड नोंदींचा उपयोग धोके कळण्यासाठीही होतो. करोनाकाळात घरोघरी गुळवेलीचे काढे सुरू झाले. २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांत यकृताला इजा झाल्याचे नोंदवले. आयुष मंत्रालयाने यावर आक्षेप घेतला आणि गुळवेलीसारखीच दिसणारी तिच्या कुळातील दुसरी वेल वापरात येण्याचा धोकाही दाखवून दिला. चालमोगऱ्याच्या बियांबाबत झालेला घोळ शंभर वर्षांनी वेलीच्या रूपात पुन्हा समोर आला.

आज असे औषध गुप्त राहू शकते का?

डॉक्टरांनी माणसांवर करायच्या औषध चाचण्यांची नोंद २००९ पासून भारताच्या सार्वजनिक नोंदवहीत आधीच करणे बंधनकारक आहे. नैतिकता समितीची परवानगी, रुग्णाची लेखी संमती आणि मात्रेची नोंद लागते. नाशिकमध्ये मुख्यालय असलेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी राज्यातील अॅलोपॅथी आणि आयुर्वेद अशी दोन्ही प्रकारची महाविद्यालये संलग्न आहेत. तेथील पदव्युत्तर विद्यार्थ्याला प्रबंध सादर केल्याशिवाय पदवी मिळत नाही. संस्कृत ग्रंथातील औषध पाश्चात्त्य पद्धतीने तपासण्यासाठी भाऊ दाजींना जी दोन जगे एकट्याने सांभाळावी लागली, ती आता एका विद्यापीठाच्या छताखाली आहेत.

बाजारात मात्र ‘गुप्त फॉर्म्युला’ आणि ‘पिढीजात नुस्खा’ असे शब्द अजूनही औषधाच्या बाटलीवर दिसतात. असे औषध हाती घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. वनस्पतीचे शास्त्रीय नाव दिले आहे का, मात्रा लिहिली आहे का आणि किती रुग्णांवर काय परिणाम झाला, हे कुठे प्रसिद्ध झाले आहे का. आधीपासून यकृताचा किंवा प्रतिकारशक्तीशी संबंधित आजार असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय असे औषध सुरू करू नये. अंगावर बधिर चट्टा दिसला तर घरगुती तेल लावत बसू नये. कुष्ठरोगाची तपासणी आणि बहुविध औषधोपचार सरकारी आरोग्य केंद्रात मोफत आहेत आणि वेळेत सुरू केले तर आजार पूर्ण बरा होतो.